पाचोऱ्यातला ‘ऱ’ : वर्णाची ओळख आणि संकेतन

‘पाचोरा’ हे ग्रामनाम प्रथमेत असते तोवर लेखनाचा प्रश्न उद्भवत नाही. प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते आणि ‘पाचोऱ्यात’, ‘पाचोऱ्याहून’ ही रूपे सिद्ध होतात. त्याच जिल्ह्यातील चोपड्याचे ‘चोपड्यात’ होताना ‘ड’च्या ओळखीविषयी शंका येत नाही. ‘पाचोऱ्यात’मधील ‘र’ मात्र रफार होऊन ‘य’च्या माथ्यावर जात नाही, वक्र रेघेच्या रूपाने तो त्याच्या डाव्या अंगाला जोडला जातो. ‘वऱ्हाड’, ‘बऱ्हाणपूर’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांतही हेच रूप आढळते.

हा भेद केवळ वळणाचा नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजन व स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे. ‘दर्या’त आधीच्या अक्षरावर आघात येतो, ‘दऱ्या’त येत नाही. परिणामी, वृत्तविचारात पहिल्या शब्दातील ‘द’ गुरू, तर दुसऱ्यातील लघू ठरतो. चिन्ह चुकले तर अर्थाबरोबर वृत्तही बिघडते. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून ठरते, या सोस्यूरच्या प्रतिपादनाला मराठीतून याहून नेमके उदाहरण क्वचितच मिळेल.

हा भेद संगणकीय संकेतनात कसा सामावला गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. संकेतांक वर्णाला द्यावा, त्याच्या दृश्यरूपाला नव्हे, हे युनिकोडचे मूलतत्त्व. मग येथे वर्ण एक की दोन? १९९१ च्या भारतीय प्रमाणकाला (आयएस १३१९४) अनुसरून युनिकोडने ‘ऱ’ या नुक्तायुक्त अक्षराच्या अर्ध्या रूपाकडे हे काम सोपवले. हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतील एका वेगळ्या रकाराच्या लिप्यंतरासाठी होते. मराठीच्या वर्णमालेत त्याला स्थान नाही. ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा दुसरा मार्गही युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मान्य राहिला.

दोन्ही मार्गांनी उमटणारे रूप डोळ्यांना एकच दिसते. परंतु प्रत्येक मार्गाने मराठीच्या एकेका अंगाचा बळी दिला आहे. पहिल्यात भेद टिकतो, पण ‘पाचोरा’ आणि ‘पाचोऱ्यात’ यांतील व्यंजने यंत्राच्या लेखी भिन्न होतात आणि शब्द व त्याचे सामान्यरूप यांचा व्याकरणिक संबंध तुटतो. दुसऱ्यात ‘र’ची एकात्मता टिकते, पण अर्थभेद एका अदृश्य चिन्हावर टांगला जातो, ते गळाले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. आंतरजालावरील मराठीत दीर्घकाळ दिसलेली ‘दुस-या’, ‘व-हाड’ अशी संयोगचिन्हाची रूपे ही या कोंडीवरची लोकांनी काढलेली वाट होती. तीत ध्वनी उरला नाही, केवळ रेघेचे स्मरण उरले.

या दोन संकेतावल्या युनिकोडने परस्परसमान मानलेल्या नाहीत. त्यामुळे संकेतांकांची अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधात एकीने लिहिलेला शब्द दुसरीने सापडत नाही. एखाद्या लेखकाची शब्दसूची करणारा अभ्यासक, शब्द समोर असूनही, तो संहितेत नाही असा निष्कर्ष काढू शकतो. हस्तलिखितातील लेखनिकाच्या निवडीला पाठचिकित्सा पाठभेद म्हणून नोंदवते. संगणकीय संहितेतील ही निवड तर डोळ्यांनाही दिसत नाही. म्हणूनच संपादकाने ती एकसारखी ठेवणे आणि प्रस्तावनेत सांगणे अधिक अगत्याचे आहे.

संकेतन म्हणजे तटस्थ नोंद नव्हे. ते लिपीचे एक वाचनच असते. पाचोरा आणि पाचोऱ्यातला पाचोरा एकच, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. यंत्राला ते सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे काम भाषेच्या अभ्यासकाला तंत्रज्ञावर सोडून देता येणार नाही.