सहाशे ऐंशी रुपयांचं सौंदर्य

शिरोळच्या एका गृहस्थांनी नरसोबाच्या वाडीहून येताना 70 रुपयांचे काही पेढ्यांचे पुडे आणि 110 रुपयांचे काही कवठबर्फीचे पुडे घेतले. पेढ्यांचे पुडे किती?
विधान 1 : एकूण पुडे 8.
विधान 2 : एकूण बिल 680 रुपये.

उदाहरण मी बेतलेलं आहे. घडण मात्र जीमॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेत, यूपीएससीच्या 2011 पासूनच्या आणि राज्यसेवेच्या 2013 पासूनच्या सीसॅट या कल चाचणीत भेटणाऱ्या ‘माहितीची पर्याप्तता’ या प्रकाराची. इथे उत्तर काढायचं नसतं. ते कोणत्या विधानावरून निघेल, एवढंच ठरवायचं असतं.

पहिलं विधान एकटं अपुरं आहे. आठ पुड्यांची वाटणी एक-सात, दोन-सहा, कशीही होते. दुसरं वाचताच शाळेतली सवय जागी होते : दोन अज्ञात, म्हणजे दोन समीकरणं हवीत. घाईतला विद्यार्थी ‘दोन्ही विधानं मिळून’ या पर्यायावर खूण करतो आणि पुढे जातो.

खरं सौंदर्य या वळणावर आहे. पुडा अर्धा विकत मिळत नाही. ही अट प्रश्नात कुठेच लिहिलेली नाही, पण ‘पुडे’ म्हटलं की ती आलीच. आता बिल तेवढंच ठेवून पेढ्यांऐवजी बर्फी घ्यायची, तर अदलाबदल कशी होईल? पेढ्यांचे 11 पुडे 770 रुपयांचे, बर्फीचे 7 पुडेही 770 चेच. याहून लहान अदलाबदल जमत नाही. बिल तर 680 चं. त्यात 770 ची अदलाबदल मावणारच नाही. म्हणजे खरेदीचा मेळ एकाच प्रकारे बसतो आणि दुसरं विधान एकटंच पुरतं. पाच पेढ्यांचे, तीन बर्फीचे, हे मोजायचीही गरज पडली नाही.

प्रश्न रचणाऱ्याचं कसब त्या आकड्यात आहे. 680 च्या जागी 1450 लिहा : 16 आणि 3 पुडे बसतात, 5 आणि 10 ही बसतात. मग एकूण पुडे सांगणाऱ्या पहिल्या विधानावाचून (त्यातला आठचा आकडा अर्थातच बदलून) चालत नाही. बिलाचा आकडा बदलला की पुरेसं ते अपुरं होतं.

सीसॅटमध्ये 80 प्रश्नांना 2 तास, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. आकडेमोड वाचली म्हणून हा प्रकार सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो विद्यार्थ्याकडून अधिक मोठी गोष्ट मागतो : हातातल्या माहितीवर निर्णय होतो का, हे आधी पारखणं. हिशेब त्यानंतर कुणीही करील.