झेंड्याच्या रंगांची जाकिटं

19 ऑगस्ट 2007 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये व्हेनेझुएलाचा सिमोन बोलिवार युवा ऑर्केस्ट्रा वाजला. कंडक्टर होते गुस्ताव्हो दुदामेल. त्या मैफलीचं नाव काढलं की लोक शेवटचा ‘माम्बो’ सांगतात. देशाच्या झेंड्याच्या रंगांची जाकिटं घालून नाचत वाजवणारी पोरं सांगतात. ते देखणं होतंच. पण आमच्या मते त्या संध्याकाळचं खरं काम त्याआधी झालं होतं.

त्यांनी शोस्ताकोविचची दहावी सिंफनी वाजवली होती. स्टालिन गेला त्याच वर्षी, 1953 मध्ये, ती प्रथम सादर झाली. सत्तेच्या धाकात आयुष्य काढलेल्या माणसाची ही रचना. तिचा दुसरा भाग जेमतेम चार मिनिटांचा, पण श्वास घेऊ देत नाही. तो या मुलांनी ज्या त्वेषानं वाजवला, तिथे कौतुकाची सवलत द्यायची गरजच उरत नाही.

जाकिटाचं मात्र तसं नाही. जाकिटाला मालक असतो. 1975 मध्ये आब्रेऊंनी सुरू केलेली ही चळवळ सरकारी पैशावर वाढली. 2017 मध्ये निदर्शनांत एक तरुण व्हायोलावादक मारला गेला, दुदामेल सरकारविरुद्ध बोलले. आणि राष्ट्रीय युवा ऑर्केस्ट्राचा अमेरिका दौरा सरकारनं रद्द केला. शिक्षा झाली ती वाजवणाऱ्या पोरांना.

म्हणून आम्ही म्हणतो, अशा दौऱ्यांचं परीक्षण कानांनी करा. दाद सुरांना द्या. झेंड्याला टाळ्या वाजवणारे पुष्कळ आहेत.