दुसऱ्या जगाचें चित्र

प्रचलित समाजव्यवस्थेची निंदा करणें साहित्याला कधींच अवघड गेलेलें नाहीं. श्रीमंताचा निर्दयपणा आणि गरिबाचे हाल हे विषय सर्व भाषांतील कादंबरीकारांनीं इतके घासले आहेत, कीं त्यांतून आतां ठिणगी उडणें कठीण. अवघड आहे तें दुसरेंच काम. जी व्यवस्था नको असें आपण म्हणतों, तिच्या जागीं कोणती यावी, आणि त्या नव्या व्यवस्थेंत मनुष्य सकाळीं उठून काय करील, कोणावर प्रेम करील व कशासाठीं भांडेल, हें दाखविणें सोपें नाहीं. आजचें साहित्य या कामाकडे पाठ कां फिरवितें, याचें उत्तर देण्याचा एक गाजलेला प्रयत्न म्हणजे मार्क फिशर या इंग्रज टीकाकाराचें ‘कॅपिटलिस्ट रिअ‍ॅलिझम’ हें २००९ सालीं प्रसिद्ध झालेलें लहानसें पुस्तक. त्याचा परामर्श घेऊन त्यांतील सिद्धांत तीन जुन्या कादंबऱ्यांशीं ताडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

फिशरचें म्हणणें थोडक्यांत असें : लोकांची भांडवलशाहीवर श्रद्धा उरलेली नाहीं. ती न्यायाची आहे असें तिचे पुरस्कर्तेही आतां फारसें म्हणत नाहींत. ती टिकून आहे ती, तिच्यावांचून दुसरें कांहीं संभवतच नाहीं असें मनानें घेतलें आहे म्हणून. मार्गारेट थॅचर यांनीं ‘पर्याय नाहीं’ हें आपल्या राजकारणाचें ब्रीद केलें. पुढें १९८९ ते १९९१ या काळांत पूर्व युरोपांतील व सोव्हिएट रशियांतील राजवटी कोसळल्या, आणि एका पक्षाची घोषणा सर्वांच्या अंगवळणीं पडलेली समजूत होऊन बसली. २००८ सालीं मोठमोठ्या पेढ्या बुडावयास आल्या, त्या सरकारांनीं जनतेच्या पैशानें सांवरल्या, आणि खुल्या बाजाराचें तत्त्वज्ञान भर चौकांत उघडें पडलें. तरी ती समजूत ढळली नाहीं. पेढ्यांना बुडूं द्यावें हा विचारच कोणास सहन होईना, आणि यांतच तिचा विजय झाला.

या राजकीय निदानाहून फिशरचें सांस्कृतिक निदान आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. ‘चिल्ड्रेन ऑफ मेन’ या २००६ सालच्या चित्रपटांत मनुष्यजातीला मुलें होईनाशीं झालीं आहेत, निर्वासितांना कोंडवाड्यांत डांबलें आहे, पण कॉफीचीं दुकानें मात्र सुरू आहेत. आमच्या कलावंतांना प्रलय रंगवितां येतो, बाजार उठलेला रंगवितां येत नाहीं, ही गोष्ट तो या एका चित्रपटावरून वाचकाच्या मनावर ठसवितो. ‘वॉल-ई’ या २००८ सालच्या चित्रपटाविषयीं त्याचा अभिप्राय याहूनही मार्मिक आहे. या चित्रपटांत उपभोगाच्या हव्यासाची यथेच्छ टर उडविली आहे, परंतु तो काढला आहे एका बलाढ्य कंपनीनें. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देऊन भांडवलशाहीची निंदा ऐकतो आणि हलक्या मनानें घरीं जातो. त्याच्या वाट्याचा निषेध चित्रपटानें परस्पर उरकलेला असतो. भटजीकडून अनुष्ठान करवून घ्यावें आणि पुण्य मात्र आपल्या नांवावर जमा करावें, तशांतला हा प्रकार. निंदेनें व्यवस्था हादरते असें मानणाऱ्या प्रत्येक लेखकानें फिशरचीं हीं पानें दोनदां वाचावींत.

तथापि रोगाची परीक्षा अचूक झाली तरी वैद्याचें काम संपत नाहीं. फिशर २०१७ सालीं वारला. ज्या ग्रंथांत तो पर्यायाच्या अंगाला हात घालणार होता, त्याची प्रस्तावना तेवढी मागें राहिली. हातीं आहे त्या पुस्तकांत त्याचा भर मुख्यतः चित्रपट, संगीत व दूरचित्रवाणी यांवर आहे. भावी समाजाचें चित्र काढणाऱ्या कादंबरीची जी एक परंपरा आहे, तिची झडती त्यानें घेतलेली नाहीं. ती घेतली तर प्रश्नाचें स्वरूप थोडें बदलतें, असें आमचें मत आहे.

एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी १८८८ सालीं निघाली. बोस्टन येथील ज्यूलिअन वेस्ट नांवाचा सुखवस्तु तरुण १८८७ मध्यें झोपी जातो, तो २००० सालीं जागा होतो. तोंवर देशांतील सर्व उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाले आहेत. प्रत्येक नागरिक २१ व्या वर्षापासून ४५ व्या वर्षापर्यंत एका ‘उद्योगसेने’त काम करतो, आणि सर्वांच्या खात्यावर वर्षाकाठीं सारखीच रक्कम मांडली जाते. नाणें नाहीं, व्यापारी नाहीं, दारिद्र्य नाहीं. या ग्रंथाचा परिणाम विलक्षण झाला. त्यांतील मतांच्या प्रसारासाठीं अमेरिकेंत ठिकठिकाणीं मंडळें निघालीं. परंतु कादंबरी म्हणून वाचूं लागतांच जीव गुदमरतो. पाहुणा शंका विचारतो, यजमान डॉक्टर लीट तिचें निरसन करतात, पाहुणा थक्क होतो, आणि पुढली शंका काढतो. त्या सुखी बोस्टनमध्यें कोणाची म्हणून तक्रार नाहीं. ज्याला तक्रार नाहीं त्याला चरित्र नाहीं, आणि चरित्र नसलेल्या माणसांची कादंबरी कशी व्हावी ?

हा दोष विल्यम मॉरिस यानें तत्काळ ओळखला. १८८९ सालीं ‘कॉमनवील’ या समाजवादी पत्रांत त्यानें बेलामीवर टीका लिहिली. तिचा आशय असा, कीं या गृहस्थाला सध्यांचेंच यंत्रमय जीवन हवें आहे. त्यांतला अन्याय तेवढा निपटून काढला कीं त्याचें समाधान होईल. मॉरिसचा आग्रह होता, कीं श्रम कमी करण्यापेक्षां श्रमांत आनंद आणणें हें समाजवादाचें खरें ध्येय आहे. पुढल्याच वर्षीं त्यानें त्याच पत्रांतून ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही आपली कथा क्रमशः प्रसिद्ध केली. निवेदक भविष्यकालांतील लंडनमध्यें जागा होतो. थेम्सचें पाणी निर्मळ आहे. नाव वल्हविणाऱ्याला तो नाणें देऊं करतो, तर तो नावाडी नाणें म्हणजे काय हेंच विसरलेल्या मनुष्यासारखा गोंधळतो. पार्लमेंटच्या इमारतींत शेणखत सांठविलेलें आहे ! या विनोदामागची तळमळ पाहण्यासारखी आहे. मॉरिस हा स्वतः भिंतीचे कागद व नक्षीचें कापड विकणाऱ्या पेढीचा मालक होता, आणि तो माल बहुतेक धनिकांच्याच घरीं जाई. सुंदर वस्तु ज्यानें घडवावी त्याच्या वांट्याला ती येऊं नये, हें शल्य त्याच्या उरांत होतें. म्हणून त्याचें सुराज्य हिशेबाच्या वहींतून न निघतां हातांच्या सुखांतून निघालें आहे.

या पुस्तकाचें दुसरें बळ ‘परिवर्तन कसें झालें’ या दीर्घ प्रकरणांत आहे. बहुतेक सुराज्यलेखक आपल्या नायकाला झोंपवितात व शंभर वर्षें एका रात्रींत ओलांडतात. मॉरिस मात्र मधल्या वर्षांचा जाब देतो : संप, दडपशाही, १९५२ सालीं ट्रॅफल्गार चौकांत झालेली कल्पित कत्तल, आणि मग यादवी युद्ध. १३ नोव्हेंबर १८८७ रोजीं लंडनमधील त्याच चौकाकडे निघालेल्या निदर्शकांवर पोलिसांनीं हल्ला केला, तेव्हां मॉरिस त्या मोर्चांत होता. डोळ्यांनीं पाहिलेलें त्यानें पुढल्या शतकांत नेऊन ठेविलें, म्हणून हें प्रकरण अजून जिवंत वाटतें. उलट, नव्या समाजाचें चित्र मात्र गवताच्या कापणीच्या सुट्टीसारखें गोड व सुस्त आहे. घरकाम बायकांकडेच आहे, आणि वृद्ध हॅमंड त्याचें समर्थनही करतो. जुन्या स्पर्धेच्या जगाची आठवण काढून कुरकुरणारा एलेनचा आजोबा हाच काय तो असंतुष्ट, आणि त्यालाही लेखकानें हास्यास्पद करून सोडलें आहे.

ही उणीव भरून निघाली ती उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या ‘द डिसपझेस्ड’ या १९७४ सालच्या कादंबरींत. उर्रास या समृद्ध ग्रहावरील बंडखोर ओडो नांवाच्या स्त्रीच्या शिकवणुकीनुसार अनारेस या ओसाड उपग्रहावर जाऊन राहिले आहेत. तेथें मालमत्ता नाहीं, सरकार नाहीं, तुरुंग नाहीं. भाषेंतूनसुद्धां ‘माझें’ या शब्दाचा वावर शक्य तितका हटविला आहे. पण पाऊस पडत नाहीं. दुष्काळांत शिधा कमी होतो, आणि शेवेक या शास्त्रज्ञ नायकावर कोणाचें पोट किती मारावयाचें याच्या याद्या करण्याची पाळी येते. तें काम तो टाकून देतो. त्याच्या संशोधनावर सबूल नांवाचा वडीलधारा शास्त्रज्ञ आपलेंही नांव घालतो. तिरिन हा त्याचा मित्र एक उपहासात्मक नाटक लिहितो, आणि कायद्यानें नव्हे तर लोकांच्या नापसंतीनें खचून अखेर वेड्यांच्या इस्पितळांत पोंचतो. मालकी गेली तरी मत्सर गेला नाहीं, सरकार गेलें तरी लोकमताचा जुलूम राहिला. हें सर्व सांगूनही लेखिका आपलें माप अनारेसच्याच पदरांत टाकते. शेवेक उर्रासचें वैभव व तेथील संपकऱ्यांवर झालेला गोळीबार, दोन्ही पाहून परत फिरतो.

या तीन पुस्तकांवरून आम्ही असें अनुमान काढतों. दुसऱ्या जगाची कल्पना करण्याची शक्ति मेलेली नाहीं. परंतु ती आपल्या आवडत्या साहित्यप्रकाराशीं पूर्णपणें जुळलेलीही नाहीं. पाश्चात्य कादंबरी बाजाराबरोबर वाढली. वारसा, कर्ज, लग्नाचा व्यवहार, सामान्य घरांतल्या मुलाची वर चढण्याची हांव, हे तिचे हुकमी कथाविषय होत. ते काढून घेतले कीं लेखकाला वाटतें, आतां सांगावयाचें काय उरलें ? फिशर ज्याला कल्पनेचा दुष्काळ म्हणतो, त्यांतला मोठा अंश हा कथेच्या संवयीचा दुष्काळ आहे. ले ग्विननें दाखविलें तें असें, कीं बाजार उठला तरी नाट्य उठत नाहीं. न्यायाच्या राज्यांतही दोन न्याय्य मागण्या एकमेकींच्या आड येतील, आणि तेथेंच कादंबरीकाराला पीक येईल. आदर्श जग निर्दोष करून दाखविणारा लेखक वाचकाला प्रचारकासारखा वाटतो. त्यांतलें दुःख प्रामाणिकपणें दाखविणाऱ्याचें मात्र वाचक ऐकून घेतो, कारण तेथें आपणही राहूं शकूं असें त्याला प्रथमच वाटूं लागतें.

यावर कोणी म्हणेल, समाजाचे आराखडे काढणें हें साहित्याचें काम नव्हे. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा आपल्याकडील जुना वाद येथें उकरून काढण्याचें कारण नाहीं. आराखडा कोणीच मागत नाहीं. बेलामीनें तो दिला आणि त्यापायीं त्याची कादंबरी फसली. मागणें आहे तें एका दिवसाच्या खऱ्या चित्राचें. बळीचें राज्य येवो अशी प्रार्थना आपल्या घरोघरीं पिढ्यान् पिढ्या होत आली आहे, आणि जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या ग्रंथांत त्या बळीला आमच्या इतिहासाच्या व राजकारणाच्या मध्यभागीं आणून बसविलें. पण त्या राज्यांत पाण्याची पाळी कोण ठरवील, आणि पाळी चुकलेल्या शेतकऱ्यानें दाद कोणाकडे मागावी, हें प्रार्थनेंत येत नाहीं, आणि यावें अशी अपेक्षाही नाहीं. तें कथाकारानें सांगावयाचें असतें.

२०१४ सालीं अमेरिकेंतील एक वाङ्मयीन सन्मान स्वीकारतांना ले ग्विन यांनीं श्रोत्यांना आठवण दिली, कीं भांडवलशाहीच्या सत्तेतून सुटका नाहीं असें आज वाटतें, तसेंच राजांच्या दैवी अधिकाराविषयींही एके काळीं वाटत होतें. ही आठवण फिशरच्या निराशेवर चांगलें औषध आहे. मात्र राजांचा तो अधिकार नुसत्या निंदेनें गेला नाहीं. राजावांचून गांव चालतें, हें कित्येकांना आधीं मनांत दिसावें लागलें. तें मनांत दिसूं लागणें हीच या तीन पुस्तकांची कामगिरी होय. त्यांतलें पहिलें इतिहासासाठीं वाचावें, दुसरें आनंदासाठीं, आणि तिसरें मात्र, आपल्याला जें जग हवें आहे त्याची किंमत मोजण्याची आपली तयारी आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं.