बाटलेले पाणी

ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ हा २००५ सालचा हिंदी चित्रपट गोव्यात घडतो. त्यामागे डॉमनिक डिसूझा या गोमंतकीय तरुणाचे आयुष्य आहे. डॉमनिकने रक्तदान केले, त्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि १९८९ साली गोव्याच्या आरोग्य कायद्याच्या बळावर त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवले गेले. चित्रपटातला निखिल विजेता जलतरणपटू आहे. रोग उघड होताच तलाव त्याला परका होतो.

समलिंगी माणसाचे प्रेम कुचेष्टेवाचून दाखवणारा हा संयमी चित्रपट आहे. त्याचे झालेले कौतुक रास्तच. पण आपला प्रश्न वेगळा आहे. पाणी बाटण्याची ही भीती आली कुठून? चित्रपट सुचवतो, अज्ञानातून.

हे उत्तर अपुरे आहे. या रोगाची पहिली नोंद १९८१ साली झाली ती अमेरिकेत. तो पाण्यातून वा स्पर्शातून पसरत नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितले होते. तरीही १९८७ साली वेस्ट व्हर्जिनियातील विल्यमसन या गावी एड्स झालेला तरुण सार्वजनिक तलावात पोहला, म्हणून महापौरांनी तलाव बंद करून घासून घेतला. पैसा होता, विज्ञान होते. माणूस तेवढा नको होता. समलिंगी, हैतीहून आलेले, नशेची सुई टोचून घेणारे अशी ‘धोक्याची’ माणसे तिथे आधीच वेगळी काढली गेली होती. विषाणूला जात नसते. समाजाने ती त्याला दिली. आजही अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे १२ टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांचा नव्या लागणीतला वाटा एक-तृतीयांशाहून अधिक आहे.

आपल्याला यात नवे काय? १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. तिथे कुठला विषाणू होता?

चित्रपट नेमका इथे थांबतो. त्याचा नायक सुखवस्तू, पदके मिळवलेला आहे, म्हणून प्रेक्षकाचे अश्रू त्याला सहज मिळतात. त्याच्या गोव्यात जात दिसतच नाही. जणू या देशाला विटाळ विषाणूने शिकवला! चित्रपटाचा सारा भर बहिणीच्या मायेवर आहे. प्रत्यक्षात डॉमनिकची आई उच्च न्यायालयात गेली. मुलगा सुटला, पण विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने वैधच ठरवली. मायेने एक माणूस सुटतो, व्यवस्था तशीच उभी राहते.

आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. कोणत्या घाटावर कोणी उतरायचे, हे इथल्या म्हाताऱ्यांना कुणी समजावून सांगावे लागत नाही. शिक्षकांनी हा चित्रपट वर्गात जरूर दाखवावा. मात्र दिवे लागल्यावर महाडचा विषय काढावा. रोग्याविषयी नुसती दया शिकवून भागणार नाही; विटाळाला नकार शिकवावा लागेल.