मोठ्याने वाचण्याजोगे पुस्तक : दिल्लीतील मराठी घर आणि श्राव्यतेचा निकष

मराठी बालसाहित्याचा विचार बहुतांशी दोन निकषांवर होत आला आहे. एक संस्काराचा, दुसरा कल्पनारम्यतेचा. पुस्तक मोठ्याने वाचले असता कसे ऐकू येते, हा प्रश्न समीक्षेत क्वचितच विचारला गेला. वास्तविक तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत वाचक एक आणि श्रोता दुसरा असतो. संहिता मुलापर्यंत पोहोचते ती दुसऱ्याच्या आवाजातून. अशा मुलाचे ‘आवडते पुस्तक’ निवडणे म्हणजे एका परीने ते पुस्तक उच्चारक्षम आहे की नाही याचा निवाडा करणे होय. पुण्यात किंवा नागपुरात ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण पुस्तकाने न दिलेला ध्वनी अंगण, शेजार आणि बालवाडी पुरवितात. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील मराठी घरात तो पुरविणारे कोणी नसते. घरात मराठी बोलली जात असली तरी ती जेवण, आंघोळ, शाळेची तयारी एवढ्यापुरती राहते. ‘एकदा असे झाले की’ या वळणाची मराठी मुलाच्या कानी पडते ती बहुधा रात्रीच्या वाचनातूनच.

या घरांची एक अडचण लंडन वा न्यू जर्सीतील मराठी घरांना नाही, ती म्हणजे लिपीची. हिंदी आणि मराठीची देवनागरी एकच असल्याने मराठी पुस्तक हिंदीभाषी परिसरात वाढलेल्या मुलाला परके वाटत नाही, आणि येथेच फसगत होते. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतील दोन निराळे ‘च’ कागदावर एकच असतात; ‘पैसा’ या शब्दातील ‘ऐ’ हिंदीत एक आणि मराठीत दुसरा; ‘ज्ञान’ हिंदीत ‘ग्यान’ होते. प्रमाण हिंदीला नसलेला ‘ळ’ निदान डोळ्यांना दिसतो तरी. उरलेले भेद केवळ कानानेच कळतात. म्हणून मूल स्वतः वाचू लागल्यानंतरही येथे मोठ्याने वाचून दाखविणे थांबविता येत नाही. चिऊकाऊची गोष्ट किंवा भोपळ्यातील म्हातारीची गोष्ट या परिस्थितीत टिकून राहते, याचे कारण तिच्यातील बोध नव्हे. दार ठोठावणे, प्रत्येक वेळी नवी सबब सांगणे, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक प्राण्याची तीच विनवणी करणे, या आवृत्त रचनेत तोच ध्वनी तितक्याच वेळा परत येतो आणि मुलाला आपला आवाज मिसळण्यासाठी ठरलेली जागा मिळते.

बहुभाषी बालपुस्तकांच्या प्रकाशनाचे दिल्ली हे मोठे केंद्र आहे, ही गोष्ट येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. नॅशनल बुक ट्रस्ट आणि शंकर पिल्लई यांचे चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ साली दिल्लीत स्थापन झाल्या. ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेने एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत स्वस्तात उपलब्ध करून दिले, आणि हे कार्य थोर आहे यात शंका नाही. परंतु अशा प्रकाशनात चित्रे सर्व भाषांना समान असतात आणि बदलतो तो केवळ मजकूर. त्यामुळे पान उलटण्याची जागा मूळ भाषेने आधीच ठरविलेली असते. इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी येते आणि उत्कंठेचा विषय शेवटी. तेव्हा ‘त्याला दिसला’ एवढे या पानावर सांगून ‘काय दिसले’ ते पुढच्या पानावर ठेवता येते. मराठीच्या लेखी वाक्यरचनेत क्रियापद शेवटी जाते. ‘पेटीत त्याला साप दिसला’ या वाक्यात साप पान उलटण्यापूर्वीच बाहेर पडतो, आणि पुढील पानावरील चित्राला सांगण्यासारखे काही उरत नाही.

यावर उपाय मराठीच्या मौखिक परंपरेतच आहे. ‘एक होता राजा’ या प्रारंभात क्रियापद कर्त्याच्या आधी येते. राजा येण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सोय कथनकाराने वाक्यातच करून ठेवली आहे. (वीणा गवाणकर यांनी १९८१ साली एका शास्त्रज्ञाच्या चरित्राला ‘एक होता कार्व्हर’ असे नाव दिले, तेव्हा हाच क्रम त्यांच्या उपयोगी पडला.) ‘पेटी उघडली, तर आत होता –’ असे म्हणून पान उलटविणारा अनुवादक मूळ शब्दांपासून थोडा दूर जातो, पण मूळ पुस्तकाच्या अधिक जवळ येतो. चित्रपुस्तकाच्या अनुवादाची चिकित्सा शब्दनिष्ठेवर थांबली, तर हा फरक तिच्या ध्यानातच येणार नाही. मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकात ऐन मध्यावर शब्द पूर्णपणे थांबतात आणि सलग तीन जोडपाने केवळ चित्रे येतात. तेथील मौनही वाचून दाखवावे लागते, आणि त्या मौनाकडे नेणारे वाक्य कोठे तुटते यावर ते अवलंबून असते.

दुसरा प्रश्न क्रियापदांच्या व विशेषणांच्या रूपांचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी ‘केलं’, ‘घरातलं’ ही रूपे बोलण्याच्या भाषेपुरती राखली आणि एरवीच्या लेखनासाठी ‘केले’, ‘घरातले’ ही रूपे ठेवली. मुलांचे पुस्तक छापील मराठीत असले की वाचणारी आई ओळीगणिक मनातल्या मनात भाषांतर करते. डोळे ‘गेले’ पाहतात, ओठ ‘गेलं’ म्हणतात. महाराष्ट्रात वाढलेल्या पालकाला याचे श्रम जाणवतही नाहीत. दिल्लीतच जन्मलेल्या, मराठी केवळ घरात ऐकलेल्या पालकाला हे रूपांतर जमत नाही. तो छापलेले तसेच वाचतो आणि मुलाला गोष्टीऐवजी धडा ऐकू येतो. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकांचे महत्त्व या ठिकाणी स्पष्ट होते. शीर्षकावरील तो एक अनुस्वार संहिता बोलणाऱ्याच्या बाजूने उभी असल्याचे सांगतो. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या चित्रांविषयी पुष्कळ लिहिले जाते, त्यांच्या वाक्यांच्या श्वासाविषयी तितके नाही. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) विषयीही असेच म्हणता येईल, मात्र पद्याला लयीचा आधार असतो. गद्याला तो वाक्यागणिक मिळवावा लागतो.

पालकांची निवड पुष्कळदा स्वतःच्या बालपणाकडे वळलेली असते. दूरच्या शहरात ही ओढ अधिकच तीव्र होते आणि ‘श्यामची आई’ फार लवकर हाती घेतली जाते. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची मांडणी रात्रींची आहे. रोज एक रात्र, सांगणारा श्याम आणि भोवती ऐकणारे. श्राव्यतेच्या दृष्टीने मराठीत याहून नेमकी चौकट सापडणे कठीण. पण त्या चौकटीतील श्रोते लहान मुले नाहीत, हे नजरेआड होते. चार वर्षांच्या मुलासमोर ते वाचताना आवाज पालकाचा भरून येतो आणि मूल त्या आवाजाकडे पाहत राहते. पुस्तक दोघांपैकी कोणाचे लाडके आहे, याचा उलगडा दुसऱ्या रात्री मूल तेच मागते की नाही यावरून होतो.

श्राव्यतेचा निकष मान्य केला तरी एक पेच राहतोच. ‘राधाचं घर’ची बोली शहरी, मध्यमवर्गीय आहे. दिल्लीतील मराठी घरे मात्र एका साच्याची नाहीत. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त आलेली सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची कुटुंबे, ग्वाल्हेर-इंदूरहून आलेली घराणी, विदर्भातून नोकरीसाठी आलेले लोक, यांच्या तोंडी मराठीचे सूर वेगळे आहेत. त्यांपैकी कित्येकांना अनुस्वारयुक्त छापील बोलीही ‘केले-गेले’इतकीच परकी वाटू शकते. काही पालक मग शब्द बदलून, आपल्या सुरात वाचतात. मुले चित्रांवरून गोष्ट ओळखत असल्याने अडत नाहीत. उलट एखाद्या रात्री आजीने बदललेला शब्द आईने वाचला नाही, तर मूल तो आठवणीने दुरुस्त करते.