ग्रेडशी जुळलं, म्हणून काय झालं?

मंडळी, आज थोडं टीकेच्या सुरात बोलणार आहे. टीका औषधांवर नाही, डॉक्टरांवर तर नाहीच. शोधनिबंधांच्या एका साच्यावर आहे. जठराच्या कर्करोगाबद्दल चार निबंध वाचा, त्यांतल्या एकात तरी हा साचा भेटेलच. पन्नास-साठ रुग्णांच्या गाठींचे तुकडे घ्यायचे, त्यांवर एखाद्या प्रथिनाचा रंग चढवून बघायचा. पी५३, केआय-६७, हर-२, जे हाताशी असेल ते. मग तक्ता मांडायचा: ग्रेड वाढली की रंगही वाढतो का? वाढला, की ‘पी’ ०.०५च्या खाली आणि निष्कर्ष ठरलेला: हा मार्कर उपयुक्त आहे.

अहो, पण ग्रेड तर साध्या स्लाइडवर आधीच कळली होती! तीच गोष्ट जास्त पैसे मोजून पुन्हा ऐकली, तर हातात नवं काय आलं?

ग्रेड आणि स्टेज यांची घरोघरी गल्लत होते, म्हणून एवढं सांगतो. स्टेज म्हणजे रोग कुठवर पोचला. ग्रेड म्हणजे गाठीतल्या पेशी जठराच्या मूळ ग्रंथींसारखी रचना कितपत करतात. गाठीचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग ग्रंथींचा असेल तर ग्रेड चांगली, निम्म्याहून कमी असेल तर वाईट. हे सगळं नजरेनं ठरतं, आणि मधल्या ग्रेडवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होईलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या वर्गीकरणात तीनऐवजी दोनच ग्रेड आहेत, त्याही मुख्यतः ग्रंथी बनवणाऱ्या प्रकारांपुरत्या. म्हणजे ज्या पट्टीनं मार्कर मोजायचा, ती पट्टीच जरा हलते.

आता हर-२ घ्या. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये टोगा नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या, हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांत नुसत्या केमोथेरपीवर मध्यक आयुष्य ११.१ महिने होतं, ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर १३.८. तुम्ही म्हणाल, एवढंच? पण या आजारात एवढंही सहजी मिळत नाही, बरं का. आता गंमत बघा. लॉरेननं १९६५मध्ये ज्याला ‘इंटेस्टिनल’ म्हटलं, त्या ग्रंथी बनवणाऱ्या प्रकारात हे प्रथिन साधारण तीनातल्या एका गाठीत सापडलं, आणि पेशी सुट्या विखुरणाऱ्या ‘डिफ्यूज’ प्रकारात शंभरातल्या जेमतेम सहांत. म्हणजे दिसायला बऱ्या असलेल्या गाठीतच जास्त! आपल्या साच्यात घातलं असतं, तर हा मार्कर नापास झाला असता.

दुसरं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेत एमएलएच१ हे प्रथिन असतं. काही गाठींत त्याचा रंग पूर्ण गेलेला दिसतो. अशा गाठी पुष्कळदा वाईट ग्रेडच्या आणि लिम्फोसाइट पेशींनी भरलेल्या असतात. ग्रेड बघून कुणीही मान हलवेल. पण २०१९मध्ये चार चाचण्यांतल्या १५५६ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. त्यांत दुरुस्तीचा हा दोष असलेले १२१ होते. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी त्यांतले ७७.५ टक्के हयात होते, बाकीच्यांतले ५९.३. शिवाय या १२१ जणांत केमोथेरपीचा फायदा दिसला नाही. संख्या लहान आहे, तेवढ्यावरून कुणी स्वतःची केमो बंद करू नये! पण ग्रेड एक सांगते आणि प्रथिन दुसरंच, हे खरं.

मग हे निबंध लिहिले का जातात? प्रबंधाची मुदत असते, साधनं मोजकी असतात, आणि तक्ता सोपा असतो. आपल्या भागातल्या रुग्णांत हर-२ किती जणांत सापडतं, एवढं प्रामाणिकपणे मोजलं तरी तो निबंध मी आवडीनं वाचेन. त्याहून चांगला प्रश्न समोरच पडलेला आहे. जठराच्या गाठीत हर-२ ठिपक्याठिपक्यांनी असतं. बायोप्सीच्या तुकड्यात पाच पेशींचा एक पुंजका नीट रंगला तरी तो मोजला जातो, आणि तो पुंजका नेमका शेजारच्या तुकड्यात असू शकतो. म्हणून सहा ते आठ तुकडे घ्यावेत असं सांगतात. एक-दोन तुकड्यांवर ‘निगेटिव्ह’ लिहिलेल्या रिपोर्टांतले किती, पुन्हा पुरेसे तुकडे घेतल्यावर, पॉझिटिव्ह निघतात? हे मोजा. त्यात ग्रेडचा रकाना नसला तरी चालेल.