मुरगावहून सुटलेले जहाज
सागरी कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक चिकित्सा

१९८४च्या फेब्रुवारीत 'एलिझाबेथ' नावाचे एक परदेशी मालकीचे जहाज मुरगाव बंदरात लागले होते. गोव्यातल्या एका व्यापारी कंपनीने त्यात माल चढवला. बिल ऑफ लेडिंग हाती पडण्याआधीच, ८ फेब्रुवारीला, जहाज माल घेऊन निघून गेले. परदेशातल्या खरेदीदाराने पैसे दिलेले नाहीत, त्याला माल देऊ नका, असे कंपनीने कळवले. तरीही माल उतरवला गेला आणि खरेदीदाराच्या ताब्यात गेला. एप्रिलमध्ये तेच जहाज विशाखापट्टणमला आले तेव्हा कंपनीने आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून त्याला अटक करवली. जहाजाला अटक होते, हे ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येते. पण जहाज हाच प्रतिवादी मानायचा, हा या कायद्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत उपयोगी डाव आहे. मालक परदेशात, त्याचे कार्यालय तिसऱ्याच देशात, निशाण चौथ्या देशाचे. हाताशी सापडते ते फक्त लोखंडी धूड.

जहाजमालकाने दोन आक्षेप घेतले. पहिला असा, की या देशात नौअधिकारिता मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीनच न्यायालयांना आहे, कारण १८९१च्या कायद्यात तेवढीच नावे आहेत. दुसरा असा, की १८६१च्या इंग्रजी कायद्यात बंदरात 'आणलेल्या' मालाबद्दल दावा लावता येतो, बंदरातून 'नेलेल्या' मालाबद्दल नाही. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सदतीस वर्षांनी गोव्याच्या निर्यातदाराला न्याय मिळेल की नाही, हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका शब्दयोगी अव्ययावर अडले होते. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आक्षेप फेटाळले. न्यायमूर्ती थॉमेन यांचे ते निकालपत्र या विषयातला आपला पायाचा दगड आहे, आणि माझ्या मते आपल्या न्यायालयीन गद्याचाही एक उत्तम नमुना आहे. त्यात संताप आहे, पण तो आवरलेला. संसदेने या जुन्या कायद्यांकडे कधी पाहिलेच नाही, ही तक्रार त्यात पुन्हा पुन्हा येते. संसदेने ती ऐकली २०१७ मध्ये. नवा नौअधिकारिता कायदा १ एप्रिल २०१८पासून लागू झाला.

हे सांगण्याचे कारण असे. माझ्याकडे कायद्याची पदवी नाही. मुंबई बंदरात एका क्लिअरिंग एजंटाच्या पेढीवर मी बावीस वर्षे काढली. 'बीएल आला का, डीओ सुटला का' एवढेच दिवसभर बोलायचे. त्या कागदांच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलेले असते ते वाचण्याचा नाद लागला, आणि पुढचे शिक्षण त्या नादाने केले. गेल्या काही वर्षांत सागरी कायद्यात एलएल.एम. करायला निघालेली किंवा करून आलेली पाच-सहा मुले-मुली माझ्याकडे गप्पा मारायला आली. त्यांच्या वाचनयाद्या, टिपणे, प्रश्नपत्रिका मी एखादे पुस्तक वाचावे तशा वाचल्या. हा लेख त्या 'पुस्तका'ची समीक्षा आहे.

या विषयाची नामांकित घरे मोजकी आहेत. साउथॅम्प्टनची संस्था १९८२ची, ऑस्लोची १९६३ची, माल्टातली आंतरराष्ट्रीय संस्था १९८८ची. स्वान्सी आणि अमेरिकेतले ट्युलेन यांचीही नावे मुलांच्या तोंडी असतात. आपल्याकडे गांधीनगरचे गुजरात मेरिटाइम विद्यापीठ आहे. या सगळ्या वाचनयाद्यांत 'एलिझाबेथ' कुठे येते? परदेशातल्या याद्यांत जवळजवळ नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. खटकते ते हे, की देशी टिपणांतही ती एका ओळीत येते : 'भारतीय उच्च न्यायालयांना अंगभूत नौअधिकारिता आहे.' संपले. बिलाशिवाय गेलेले जहाज, पैसे बुडालेला व्यापारी, 'आणलेला' आणि 'नेलेला' यांतली ती हास्यास्पद खिंड, सगळे गाळून उरते ते सूत्र. कादंबरीचा सारांश पाठ करून कादंबरी वाचल्याचे समाधान मानावे, तसे हे आहे.

या क्षेत्रातले वकील कामाचे 'ओले' आणि 'सुके' असे दोन भाग करतात. टक्कर, बुडणे, जहाज वाचवणे, तेलगळती हे ओले. भाडेकरार, बिल ऑफ लेडिंग, विमा हे सुके. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतांशी सुका आहे. याला कारण आहे आणि ते रास्तही आहे. जगातले असंख्य भाडेकरार 'इंग्रजी कायदा, लंडनमध्ये लवाद' असे म्हणतात. ग्रीक मालक आणि जपानी भाडेकरू मुंबईच्या मालावरून भांडले, तरी भांडण जाते लंडनला. तिथे नोकरी हवी असेल, तर तिथलेच कायदे शिकावे लागणार. पंधरा-वीस लाखांहून मोठे कर्ज काढून गेलेल्या मुलीला 'कोकणच्या इतिहासात जीव गुंतव' असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

पण सुके प्रकरणही ओले करून वाचता येते. 'हाँगकाँग फर' हा १९६२चा निकाल प्रत्येक यादीत असतो. चोवीस महिन्यांच्या भाड्याने दिलेले जुने जहाज, वाटेत वारंवार बंद पडणारी यंत्रे, दुरुस्तीत गेलेले महिने. मग प्रश्न : भाडेकरूला करार मोडता येईल का? लॉर्ड डिप्लॉक यांनी उत्तर दिले, की काही अटींचे महत्त्व आधी ठरत नसते. त्या मोडल्याने काय हाती उरले, ते पाहून ठरवायचे. करारशास्त्रात हे उत्तर फार मोलाचे आहे. पण जहाज बंद का पडत होते? यंत्रखान्यात माणसे कमी होती, आणि मुख्य इंजिनीयर अकार्यक्षम व व्यसनी होता. म्हणजे समुद्रात न्यायला जहाज अयोग्य ठरले ते मुळात माणसांमुळे. इतकी कमी माणसे कोणी नेमली, का नेमली, त्यांना काय वेतन होते, हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही, कारण निकालाला त्याची गरज नाही. तसेच 'मन्कास्टर कासल'चे. डब्यांतल्या मांसात समुद्राचे पाणी शिरले, कारण दुरुस्तीच्या गोदीतल्या एका फिटरने झाकणांचे नट नीट आवळले नव्हते. १९६१ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने जबाबदारी जहाजमालकावर टाकली. चांगल्या गोदीला काम दिले एवढ्याने तो सुटत नाही. निकाल उत्तम. पण माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी एकालाही फिटर आठवत नव्हता. आठवत होते ते फक्त 'योग्य दक्षता'.

आमच्या तालुक्यातल्या एका मुलाचे प्रकरण सांगतो. तो एका मालवाहू जहाजावर खलाशी होता. मालकाने जहाज आखातातल्या एका नांगरठाण्यावर सोडून दिले. पगार बंद, डिझेल संपत आलेले, पाणी मोजून. भरती करणारा दलाल फोन उचलेना. मुलाचे वडील कराराची प्रत घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना जे समजावले ते कोणत्याही एलएल.एम.च्या टिपणात मिळेल : खलाशाच्या पगाराचा हक्क जहाजालाच चिकटलेला असतो, मालक बदलला तरी सुटत नाही. आपल्या २०१७च्या कायद्याच्या नवव्या कलमात तो अग्रक्रमाने पहिला आहे. जीवितहानी आणि इजा त्यानंतर, मग जहाज वाचवणाऱ्याचे इनाम, मग बंदराची देणी. इतर हक्क वर्षभरात विझतात. पगाराचा हक्क दोन वर्षे टिकतो. शिवाय २००६च्या सागरी श्रम कराराला २०१४ साली जोड दिली गेली. जहाज सोडून दिले गेले, तर चार महिन्यांपर्यंतचा पगार विम्यातून मिळण्याची सोय तिच्यात आहे. दोन महिने पगार थकला तरी ते सोडून देणेच समजायचे.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, 'मग अर्ज कुठल्या भाषेत करायचा आणि कोणाकडे?'

हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. हक्काचा अग्रक्रम शिकवतात. पण अटक करवायची तर जहाज ज्या देशाच्या पाण्यात आहे तिथला वकील लागतो, त्याला आगाऊ पैसे लागतात, आणि जुन्या जहाजाची भंगारात किंमत किती येईल याचा अंदाज लागतो. खलाशाचा हक्क कायद्याच्या यादीत पहिला असतो. खर्चाच्या यादीत तो बसतच नाही. एखाद्या शोधनिबंधाने एवढेच मोजले, की आपल्या उच्च न्यायालयांत पगारासाठी जहाजे किती अडवली गेली, पैसे हाती येईपर्यंत किती महिने गेले आणि त्या काळात माणसे जहाजावरच होती का, तर मी तो निबंध डोक्यावर घेऊन नाचेन.

आता ओल्या बाजूकडे येतो, कारण मराठी वाचकाला इथे एक सांगण्यासारखी गोष्ट आहे. बुडालेल्या जहाजांच्या कायद्याचा इतिहास इंग्रजी पुस्तके १२७५च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यापासून सांगतात. जहाजातून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले तर ते बेवारस मोडलेले जहाज नव्हे, मालकाचा हक्क राहतो. विद्यार्थ्यांना हे मांजर फार आवडते. पण १६७४च्या मे-जूनमध्ये, राज्याभिषेकाच्या धामधुमीत, रायगडावर याच विषयावर बोलणी झाली होती. हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून वीस कलमे घेऊन आला होता. राजापूरच्या वखारीची भरपाई, व्यापाराची मोकळीक वगैरे. त्यांतले एक कलम असे, की इंग्रजांची जहाजे वादळाने किनाऱ्याला लागली तर ती मालासकट परत द्यावीत. निराजीपंतांच्या मध्यस्थीने बोलणी चालली, बहुतेक कलमे मान्य झाली. नाण्याचे कलम अडले, आणि हे अडले. महाराजांच्या बाजूचे उत्तर ऑक्झेंडनने नोंदवून ठेवले आहे : किनाऱ्याला लागलेले परत देणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि तुम्हाला दिले तर फ्रेंच, डच आणि बाकीचेही मागतील.

आपल्याकडे हा प्रसंग सांगितला जातो तो बाणेदारपणाचा नमुना म्हणून. मला त्यात कायद्याचा युक्तिवाद दिसतो, आणि तोही दुपदरी. पहिला पदर स्थानिक रूढीचा, दुसरा पायंड्याचा. एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यावी लागते, हे तत्त्व पुढे आंतरराष्ट्रीय करारांत मोठ्या दिमाखाने आले. याचा अर्थ तो रिवाज न्याय्य होता असा नाही. वादळात सर्वस्व गमावलेल्या सावकाराचे उरलेसुरलेही किनाऱ्याने घ्यावे, हे आज कोणी मान्य करणार नाही. पण वर्गात वेस्टमिन्स्टरच्या मांजराशेजारी रायगडाचे हे कलम ठेवले, तर रूढी, सत्ता आणि व्यापार यांचे नाते एका तासात उलगडेल. यासाठी नवे संशोधनही नको. नोंद इंग्रजी साधनांत शंभराहून अधिक वर्षे छापलेली आहे.

आणि मग पुढची पायरी. १६७४ मध्ये भांडण होते मोडलेले जहाज कोणाला मिळणार याचे. २००७च्या नैरोबी करारात प्रश्न नेमका उलटला : मोडलेले जहाज कोणी उचलायचे? ठेवा होता त्याचे ओझे झाले. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' सहाशे चाळीस कंटेनर घेऊन बुडाले तेव्हा किनाऱ्याला प्लास्टिकचे दाणे लागले. ते परत द्या, असे कोणी म्हणाले नाही. केरळ सरकारने नऊ हजार पाचशे एकतीस कोटींचा दावा लावला, आणि उच्च न्यायालयाने दुसरेच जहाज, 'एमएससी अकिटेटा २', अडवले. बुडालेल्याबद्दल त्याच्या भावंडाला धरण्याची ही वाट २०१७च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने मोकळी केली आहे.

आमच्या किनाऱ्याने असा प्रसंग आधीच पाहिला होता. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली, कंटेनर समुद्रात गेले, तेल पसरले. उरण-अलिबागकडच्या कोळ्यांचा हंगाम नुकताच सुरू होत होता. मालाच्या मालकाकडे बिल ऑफ लेडिंग असते. किती नग, किती वजन, सगळे त्यावर लिहिलेले. न पकडलेल्या मासळीचे बिल कोण देणार? मालकाची जबाबदारी सहसा जहाजाच्या टनभारावर मर्यादित होते, नुकसान कितीही असो. आणि त्या मर्यादित रकमेत वाटा मागायला आलेला कोळी रिकाम्या हाताने येतो. खरे तर त्याच्याकडे कागद असतात, फक्त ते त्या नावाने ओळखले जात नाहीत : मच्छीमार सोसायटीतली डिझेलची नोंद, बर्फाच्या कारखान्याची पावती, बंदरावरच्या लिलावाची वही, खलाशांना दिलेली उचल. नाखवा आणि तांडेल यांचा वाटा कसा ठरतो, हे माहीत असलेल्या माणसाला या चार कागदांवरून एका होडीचे एका हंगामाचे उत्पन्न बऱ्यापैकी मांडता येते. २०२५ मध्ये बंदरे, किनारी नौवहन, बिल ऑफ लेडिंग, मालवाहतूक आणि व्यापारी नौवहन असे पाच कायदे एकाच वर्षात नवे झाले, तेव्हा टिपणे पुन्हा लिहावी लागणारच आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी रेवदंड्याची एक मुलगी पुढल्या वर्षी आपला प्रबंध याच चार कागदांवर करायचा म्हणते आहे. तिच्या मार्गदर्शकांनी विचारले आहे, की यात इंग्रजी निवाडे किती आहेत. ती सध्या आजोबांच्या लिलावाच्या वह्या उतरवून घेते आहे.